शेपटीवरचा सात

हवालदारानं लिहिलेली फिर्याद वाचून दाखवायला सुरुवात केली आणि तिसऱ्याच ओळीला भागूबाई ढेबे बाकावरून ताडकन उठली.

"व्हीटी? ह्ये कुठनं आणलं? म्या व्हीटी कवा म्हनले?"

"बाई, खाली बसा."

"न्हाई बसत. म्या खांब म्हनले आन सात म्हनले. मोबाईलवरचा सात. त्यो कुठं गेला?"

हवालदारानं पेन टेबलावर ठेवलं. घाटरस्त्याच्या वळणावरची ती दोन खोल्यांची चौकी. दुपारची वेळ, पंखा नुसताच कुरकुरत होता. भागूबाईची पोरगी रत्ना भोरला औषधाच्या दुकानात कामाला होती. ती रजा टाकून आईबरोबर आली होती आणि आता आईचा पदर ओढत होती. हवालदारानं लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं, "आपल्या देशात जितकी विमानं, जितकी हेलिकॉप्टरं, त्या सगळ्यांच्या नंबराच्या पुढं व्ही आणि टी ही दोन इंग्रजी अक्षरं असतात. गाडीला एमएच असतं का न्हाई, तसं. सात नसतो. तुम्ही उलट्या बाजूनं पाहिलंय. टी आधी दिसला. आणि व्ही जरा कलला की सातासारखाच दिसतो."

"म्हंजी म्या खोटं बोलते?"

"खोटं न्हाई हो. तुम्हाला वाचता येत न्हाई, एवढंच."

हे वाक्य भागूबाईच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखं घुसलं. वाचता येत नव्हतं हे खरंच. पण तिच्या गोठ्यात चाळीस वर्षं गुरं होती आणि कुणाच्या म्हशीच्या कानाला कुठली खाच हे ती अर्ध्या डोंगरावरून सांगायची. पलीकडच्या मरगळ्यांच्या घरची खाच सरळ, कोकऱ्यांच्या घरची तिरकी, तिची स्वतःची दुहेरी. खुणा ओळखण्यात तिचा हात धरणारं त्या डोंगरात कुणी नव्हतं. आणि हा खुर्चीतला माणूस तिला कलल्याचं आणि उलट्याचं शिकवत होता.

झालं होतं ते असं.

हिर्डोशीच्या वर, दीड तासाच्या चढावर जांभूळमाळ नावाचा सडा, म्हणजे उघडं पठार आहे. तिथं ढेब्यांची तीन घरं. भागूबाई आणि तिचा नवरा बिरू, बारा म्हशी आणि थोड्या शेळ्या. फेब्रुवारीतल्या एका सकाळी दहाच्या सुमाराला धरणाच्या पाण्यावरून एक हेलिकॉप्टर आलं. एवढ्यानं काही बिघडत नव्हतं. डोंगरावरून विमानं जातच असतात, म्हशी मानसुद्धा वर करत नाहीत. पण हे गेलं नाही. ते खाली आलं. इतकं खाली, की वाळलेलं गवत जमिनीला चिकटलं आणि गोठ्याच्या छपराचा पेंढा उडाला. एकदा माळावरून फिरलं. परत वळून आलं. तिसऱ्यांदा ते म्हशींच्या मागं लागलं, अगदी खेळल्यासारखं, आणि म्हशी कड्याच्या बाजूला उधळल्या.

बिरू काठी घेऊन आडवा धावला. साठीचा माणूस, पण धावणं तरण्यासारखं. सात म्हशी त्यानं वळवल्या. पाच गेल्या. पाचवीच्या धक्क्यानं तो स्वतः कड्याखालच्या पहिल्या टप्प्यावर पडला, दोन पुरुष खोल.

भागूबाई ओरडत काठाशी आली तेव्हा ते यंत्र कड्यापलीकडे, पाण्याच्या वर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला थांबलेलं होतं. आडवं. काचेतून एक माणूस मोबाईल धरून खाली बघत होता. खाली बिरू पडला होता हे त्याला दिसत होतं. भागूबाईनं दोन्ही हात वर केले, पदर हलवला, बोंब मारली. आणि त्याच वेळी तिनं त्या यंत्राच्या शेपटीवरची खूण डोळ्यांत भरून घेतली. काय उपयोग होईल हे तिला ठाऊक नव्हतं. पण परकं जनावर रानात शिरलं की आधी कान बघायचा, ही तिची जन्माची सवय. डोक्यावर आडवी फळी ठोकलेला खांब. त्याच्याशेजारी सात. मग बारकी रेघ. मग आणखी तीन आकार, त्यातला शेवटचा धुराड्याच्या काजळीनं माखलेला.

यंत्र वळलं आणि निघून गेलं.

बिरूला घोंगडीच्या झोळीत घालून खाली रस्त्यापर्यंत आणायला चार तास लागले. तिथून टेम्पोनं भोर, भोरहून पुणं. खुब्याचं हाड मोडलं होतं. दिवेलागणीला डॉक्टरांनी हात लावला. ज्यानं त्याला पाडलं त्यानं मनात आणलं असतं तर घटकेत पुण्याला पोचवला असता. हा विचार भागूबाईच्या डोक्यातून निघेना. म्हशी गेल्या ते एक, माणूस पडला ते एक. पण बघून गेले, हे तिला गिळवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माळावर परतल्यावर तिनं चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर ती खूण काढली. रत्नानं मोबाईलमध्ये तिचा फोटो काढला. तोच फोटो घेऊन दोघी चौकीत आल्या होत्या.

"आये, अंगठा दे," रत्ना कळवळून म्हणाली. "नायतर फिर्यादच घ्यायचे न्हाईत. आण्णा तिकडं दवाखान्यात पडलेत. आधी कागद तर हूं दे."

भागूबाईनं अंगठा दिला. शाईचा अंगठा पदराला पुसत ती बाहेर आली आणि सगळा राग स्वतःवर काढत राहिली. आपण न पाहिलेल्या गोष्टीखाली आपलाच अंगठा. रत्नानं तिला एसटीत बसवली, तरी तोंड चालूच होतं.

मे महिन्यात चौकीतून फिर्यादीचं उत्तर आलं. रत्नानं वाचून दाखवलं. व्हीटी आणि पुढची अमुक अक्षरं हे विमान म्हणजे शिकाऊ वैमानिकांचं एक जुनं बारकं विमान असून ते दोन वर्षांपासून दुसऱ्या राज्यात सुटे भाग करून ठेवलेलं आहे. सबब तक्रारीत तथ्य आढळत नाही, तक्रार निकाली.

"तथ्य म्हंजी?"

"खरेपणा."

भागूबाईनं हातातली दुधाची किटली खाली ठेवली, आणि मग इतक्या जोरात लाथाडली की ती अंगण ओलांडून करवंदीच्या जाळीत गेली.

सगळ्या खोऱ्याला आतून ठाऊक होतं की त्या दिवशी मानसिंगरावाचे पाहुणे आले होते. मानसिंगराव पाण्याकाठच्या जमिनी घेऊन तिथं पुण्यामुंबईवाल्यांना बंगल्यांचे प्लॉट विकायचा. जांभूळमाळावरही त्याचा डोळा होता. पण विचारलं की लोक चपलेकडं बघायचे. रत्नानं धीर करून त्याच्या कचेरीत फोन केला, तेव्हा तिथल्या माणसानं हसून सांगितलं, "साहेबांकडं हेलिकॉप्टर असतं तर आम्हाला नको का दिसायला?"

मग रत्नाला दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं की विंझरला हनुमंतराव म्हणून एकजण आहेत. चौतीस वर्षं मुंबईला विमानं दुरुस्त करण्यात गेली, आता गावी भाजीपाला करतात. पुढच्या रविवारी दोघी मायलेकी भोरहून नसरापूरला आणि तिथून वेल्ह्याच्या जीपनं विंझरला उतरल्या.

हनुमंतराव वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडत होते. उंच, वाकलेला माणूस, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी हात धुतले, रत्नाचा मोबाईल घेतला, भिंतीवरच्या कोळशाच्या खुणेचा फोटो मोठा करून पाहिला.

"हे कुणी काढलं?"

"म्या," भागूबाई म्हणाली. आवाजात आधीच धार. "आन त्यो सातच हाय. कलल्याला न्हाई. तुमी बी तेच म्हननार आसाल तर आमी ही निघालो."

"वहिनी, सातच आहे," हनुमंतराव म्हणाले. "टी सात. तुम्ही अगदी बरोबर पाहिलंय. हे आपल्या देशातलं यंत्रच नव्हे."

भागूबाईला त्या क्षणी बसावंसं वाटलं. ती मोटेच्या जुन्या दगडावर बसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं खरं म्हटलं होतं.

हनुमंतरावांना मात्र हुरूप चढला. "बघा, प्रत्येक देशाला आपापली अक्षरं दिलेली आहेत. इंग्लंडला जी. अमेरिकेला एन. जर्मनीला डी. पाकिस्तानला एपी. नेपाळला नऊ आणि एन. ही वाटणी मुळात बिनतारी संदेशासाठी झाली, शंभर वर्षांपूर्वी, की आकाशात नाहीतर समुद्रावर कोण बोलतंय हे नुसतं नावावरून कळावं. तेव्हा इंग्रजाचं राज्य. व्हीचा मोठा ढीग त्याच्या साम्राज्याच्या वाट्याला आला, त्यातलं व्हीटी आपल्याला. ऑस्ट्रेलियाला व्हीएच. आमच्या कारखान्यात सगळे सांगायचे, व्हीटी म्हणजे व्हाइसरॉयचा मुलुख. मीसुद्धा पोरांना ठोकून सांगायचो. पुढं जुने कागद धुंडाळले तर तसं कुठं लिहिलेलंच सापडलं नाही. यादीत ओळीनं वाटणी झाली आणि पदरात पडलं ते पडलं."

"म्हंजी आपल्या कानाची खाच आपुन न्हाई कापली," भागूबाई म्हणाली.

"नाही कापली."

"आन आजून तीच?"

"बदलायच्या गोष्टी कितीदा झाल्या. पण मनासारखं अक्षर शिल्लक कुठंय? सगळ्यांनी आधीच उचललीत."

"ऱ्हाऊ द्या ती गोष्ट," भागूबाई एकदम उसळली. "माझा मानूस मोडून पडलाय आन तुमी मला जगाच्या खुणा सांगताय. ह्यो सात कुनाचा, तेवडं सांगा."

हनुमंतराव ओशाळले. चष्मा पुसत म्हणाले, "चुकलं माझं. टी सात म्हणजे सान मारिनो. इटलीच्या पोटातला एक चिमुकला देश. अख्खा देश आपल्या एका भोर तालुक्यात दहा वेळा बसेल."

"तितनं ह्ये आमच्या माळावर आलं?"

"तसं नव्हे. मालक कुठलाही असतो. नोंद तिकडं करतात, सोयीची पडते म्हणून. विकायला आणलेली यंत्रंही कधी कधी गिऱ्हाइकाला फिरवून दाखवतात, परदेशी नंबरावरच. पण इथंच ते सापडतात, वहिनी." त्यांनी बोट वर केलं. "व्हीटी असतं तर आपल्याला ढिगात सुई शोधावी लागली असती. परदेशी खुणेचं यंत्र आपल्या आभाळात फिरवायचं म्हणजे सरकारची परवानगी लागते. कुठल्या दिवशी, कुठून कुठं, कुणाच्या सांगण्यावरून. त्या तारखेला या भागात असं एखादंच असणार. तो सात आहे म्हणूनच ते हातात आहे. आणि नेमका तोच त्या हवालदारानं खोडला."

भागूबाईच्या हाताच्या मुठी वळल्या. ज्या खुणेपायी तिला आडाणी ठरवलं, तीच खूण म्हणजे चोराला धरायची मान होती. तीन महिने त्यांनी ती मान मोकळी सोडली होती.

हनुमंतरावांनी त्याच बैठकीत दिल्लीच्या विमान-कचेरीला माहितीच्या अधिकाराखाली अर्ज लिहिला. रत्नानं सही केली. भागूबाईला भाकरी खाऊन जायचा आग्रह झाला, पण ती थांबली नाही. वाटेत म्हणाली, "मानूस चांगला हाय. बोलतो लई."

उत्तर यायला पावसाळा सरला. त्या तारखेला पुण्याहून उडायला टी सात खुणेच्या एकाच हेलिकॉप्टरला परवानगी होती. कारण, संभाव्य खरेदीदारास प्रात्यक्षिक. खरेदीदार म्हणून नाव होतं मानसिंगरावाच्या कंपनीचं. ठरल्या उंचीखाली उतरायची मुभा नव्हती.

बातमी कुठून फुटली कोण जाणे. कागद आल्याच्या चौथ्या दिवशी हिर्डोशीत, बिरूच्या भावाच्या दारात एक टेम्पो येऊन उभा राहिला. वर मुऱ्हा जातीची काळीभोर दुभती म्हैस. शेजारी मानसिंगराव स्वतः, पांढरा शर्ट घामानं भिजलेला. बिरू आता खालीच, या भावाच्या पडवीत खाटेवर असायचा, त्याच्याकडंच भागूबाई आली होती.

"मावशी," मानसिंगराव म्हणाला, "झालं ते वाईट झालं. पायलट परदेशी, त्याला आपल्याकडची समज न्हाई. ही म्हैस ठेवून घ्या. आणखीही देऊ. आपल्या आपल्यात मिटवून टाकू."

"तुमी व्हता त्येच्यात?"

"होतो. पण आम्हाला काही दिसलंच न्हाई, देवाशपथ. कळलं असतं तर उतरलो नसतो का?"

खाटेवरून बिरूनं बायकोकडं पाहिलं. तो मुळातच कमी बोलायचा. म्हणाला, "म्हस तानलीया."

खरंच, उन्हातून आणलेल्या त्या जनावराची जीभ बाहेर आली होती. भागूबाईनं तिला टेम्पोतून उतरवून घेतली, हौदावर नेऊन पोटभर पाणी पाजलं, पाठीवर दोन बादल्या ओतल्या. मानसिंगरावाला वाटलं, मिटलं. त्यानं सुटकेचा श्वास टाकला. मग भागूबाईनं म्हैस परत टेम्पोत चढवली आणि फळी लावून घेतली.

"तिचा काय गुन्हा न्हाई म्हून पानी दिलं," ती म्हणाली. "तुमाला देनार न्हाई. निगा."

दुसऱ्या दिवशी ती, रत्ना आणि हनुमंतराव चौकीत गेले. तिथं आता अश्विनी जगदाळे नावाच्या नव्या फौजदार बाई आल्या होत्या. जुना हवालदार तिथंच होता. त्यानं कागद वाचला आणि मान खाली घातली. अश्विनीबाईंनी जुनी फिर्याद मागवली, भिंतीच्या फोटोशी ताडून पाहिली आणि विचारलं, "हे व्हीटी कुणी लिहिलं?"

"मॅडम, सगळ्यांवर तेच असतं म्हणून..."

"त्यांनी काय सांगितलं ते लिहायचं होतं."

"हां!" भागूबाईचा आवाज चौकीच्या पत्र्याला जाऊन भिडला. "म्या घसा फोडून सांगितलं! सात म्हनले, सात म्हनले! तुमी मला म्हनलं वाचता येत न्हाई. मला येत न्हाई, तुमाला तर येत व्हतं ना? मग जे पाटीवं हाय त्ये सोडून मनातलं का वाचलं?"

अश्विनीबाईंनी हवालदाराकडूनच नवा जबाब लिहून घेतला, आणि तो एकेक आकार विचारून, फोटोत बघून उतरवत गेला. भागूबाईनं रत्नाकडून तीनदा वाचून घेतल्यावर अंगठा दिला.

मानसिंगरावाला बोलावणं गेलं. तो वकील घेऊन आला आणि तेच म्हणाला, कुणी पडलेलं दिसलंच नाही.

"काचत मोबाईल धरल्याला मानूस कोन व्हता?" भागूबाईनं मध्येच विचारलं.

मानसिंगरावानं वकिलाकडं पाहिलं. वकिलानं मानसिंगरावाकडं. अश्विनीबाईंनी हे बघितलं आणि त्या दिवशीच्या पाहुण्यांची नावं लिहून घेतली. आठ दिवसांत त्यांतल्या एकाच्या फोनमध्ये ते चित्रण मिळालं. त्यानं पुसलंसुद्धा नव्हतं. मित्रांना पाठवलं होतं.

मानसिंगरावाला वकिलासह पुन्हा चौकीत बोलावून अश्विनीबाईंनी त्यांच्यासमोरच भागूबाईला विचारलं, बघायचंय का. रत्ना नको म्हणाली. भागूबाई म्हणाली, बघते.

अर्ध्या मिनिटाचं होतं. वरून दिसणारा माळ, उधळलेल्या म्हशी मुंग्यांसारख्या. काठी घेतलेला एक बारका माणूस त्यांना आडवा धावतोय. यंत्राच्या घरघरीत हसण्याचा आवाज. "बघ बघ, म्हातारा काय पळतोय!" हा मानसिंगरावाचा आवाज, स्पष्ट. मग तो बारका माणूस काठावरून नाहीसा झाला. हसणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, "पडला का रे?" आणि मानसिंगराव पायलटला म्हणाला, "गो, गो! निघू इथून."

भागूबाईनं मोबाईल टेबलावर उलटा ठेवला. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं. रत्ना रडतच होती. भागूबाई मानसिंगरावासमोर जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की वकील खुर्ची सरकवून मागं झाला.

"दिसलं न्हाई म्हनलास," ती म्हणाली. आता अहोजाहो सरलं होतं. "देवाची शपथ घातलीस. माझ्या मालकाच्या खाटंपुढं हुबं ऱ्हाऊन घातलीस. ढोर बी पडल्या ढोराजवळ थांबतं रं. हुंगतं. हंबरतं. तुला येवडं बी आलं न्हाई?"

मानसिंगराव काहीतरी पुटपुटला. तिनं ऐकायची वाट पाहिली नाही, बाहेर निघून आली.

गुन्हा दाखल झाला. मानसिंगरावाला संध्याकाळच्या आत जामीन मिळाला. पायलट केव्हाच देशाबाहेर गेला होता आणि ते यंत्रही. भोरच्या कोर्टात तारखा पडू लागल्या. एकीला वकील नाही, दुसरीला साहेब रजेवर. जांभूळमाळाच्या जमिनीचा व्यवहार तेवढा बारगळला. पाण्याकाठचे दोन शेतकरी, जे चपलेकडं बघायचे, ते आपण होऊन साक्षीला यायला तयार झाले. हनुमंतराव प्रत्येक तारखेला विंझरहून येतात आणि कोर्टाच्या आवारात जो सापडेल त्याला देशोदेशीच्या अक्षरांची वाटणी समजावतात.

बिरू कुबड्यांवर अंगणापर्यंत येतो. माळावर त्याला पुन्हा चढता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. राहिलेल्या सात म्हशी भागूबाई एकटी सांभाळते, आणि तारखेला त्या मरगळ्यांच्या हवाली करून पहाटेच डोंगर उतरते.

परवाच्या तारखेलाही काही झालं नाही. परतीच्या एसटीत भागूबाई खिडकीशी बसली होती, जबडा आवळलेला. रत्नानं तिच्या हातावर हात ठेवला. "आये, जरा शांत हो आता. खरं काय ते समद्यांना कळलं."

"कळलं तर कळलं," भागूबाई म्हणाली. "त्येनं माझा राग कशापायी जावा? पुढची तारीख कवाची हाय त्ये बघून ठेव."